जुन्या रेकॉर्ड प्लेअरच्या पोटातून गिटारचा ट्यूब अँप कसा काढायचा

ट्यूबवाला (जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह असलेला) जुना रेकॉर्ड प्लेअर भंगारात दिसला की बहुतेक जण तबकडी फिरते का, सुई जागेवर आहे का एवढंच बघतात, मी आधी पेटी मागून उघडून आतलं लोखंड बघतो. गिटारसाठी छोटा ट्यूब अँप, म्हणजे अँप्लिफायर, बनवायचा म्हटलं की सगळ्यात महाग आणि सगळ्यात अडवणारी वस्तू म्हणजे ट्रान्सफॉर्मर. रेझिस्टर, कपॅसिटर नवे सहज मिळतात, ट्यूबही मिळतात, पण चांगला आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधला) नवा घ्यायला गेलं की अर्धा उत्साह तिथेच संपतो. आणि नेमकी तीच वस्तू या पेट्यांमध्ये साठ साठ वर्षं न वापरता पडून असते. म्हणून माझी पद्धत अशी आहे, आधी सर्किट ठरवून त्यात बसणारे ट्रान्सफॉर्मर शोधायचे नाहीत, हातात आलेले ट्रान्सफॉर्मर काय देऊ शकतात ते मोजायचं आणि त्यांच्याभोवती अँप बांधायचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. प्लेअर चालू असेल किंवा थोड्या कामाने चालू होण्यासारखा असेल तर तो फोडू नका, तो ज्याला रेकॉर्ड ऐकायच्यात त्याला द्या. आपल्याला हवे ते मोटर जळालेले, टोनआर्म तुटलेले, पेटी कुजलेली. फोडलात तरी मोटर, आयडलर चाक, तबकडी फेकू नका, कुणाचा तरी दुसरा प्लेअर त्यावर उभा राहतो.

पहिलं काम, लोखंड मोजा

चेसिसवर लोखंडी पत्र्यांचे किती गठ्ठे आहेत ते बघा, मोटर सोडून. दोन असतील, एक मोठा आणि एक छोटा, तर मोठा मेन्सचा आणि छोटा आउटपुटचा. ही चांगली पेटी. एकच छोटा असेल तर मेन्स ट्रान्सफॉर्मर नाहीच, म्हणजे घरच्या लाइनची एक वायर सरळ चेसिसला किंवा सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली आहे. प्लग उलटा बसला की अख्खं चेसिस फेजवर. अशा पेटीच्या इनपुटला गिटार लावली तर गिटारच्या तारा फेजवर येतात, आणि तारांना तुमचा हात लागलेला असतो. यात "माझं तर इतकी वर्षं काही झालं नाही" वगैरे काही चालत नाही, माणसं मेलीयेत याने. असा अँप आहे तसा गिटारला कधीही, पाच मिनिटंसुद्धा लावायचा नाही.

ट्यूबचा नंबर वाचूनही हे कळतं. अमेरिकन नंबरात पहिला आकडा म्हणजे साधारण हीटरचे (ट्यूब तापवणाऱ्या आतल्या तारेचे) व्होल्ट, त्यामुळे ३५डब्ल्यू४, ५०ईएच५, ५०सी५, ६०एफएक्स५ असे मोठे आकडे दिसले की हीटर सिरीजमध्ये लावून थेट लाइनवर चालवलेत असं समजा, कधी कधी तर मोटरची वाइंडिंगच त्या सिरीजमध्ये असते. युरोपियन नंबरात पहिलं अक्षर बघा, ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपची सिरीज साखळी. म्हणजे ईसीएल८२ (सिग्नल वाढवणारा ट्रायोड आणि स्पीकर हलवणारा पेंटोड एकाच काचेत असलेली ट्यूब) दिसली तर बहुधा ट्रान्सफॉर्मर आहे, यूसीएल८२ दिसली तर हात मागे घ्या आणि नीट बघा.

ट्रान्सफॉर्मर नसलेली पेटी वाया जाते असं नाही. तिचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, पेटी सगळं कामाचं आहे, फक्त पॉवर सप्लाय नव्याने करायचा. माझा आवडता उपाय म्हणजे दोन सारखे छोटे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडायचे, पहिला २३० चे १२ करतो, दुसरा उलटा लावलेला १२ चे परत २३० च्या जवळपास करतो. लाइनपासून सुटका झाली आणि मधल्या १२ व्होल्टवर १२एएक्स७ चा (गिटारचा सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या ट्यूबचा) हीटरही चालतो, कारण त्याला १२.६ व्होल्टवर १५० मिलिअँपच लागतात. एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा, ११० व्होल्टचं जुनं सामान २३० वर चालवायला जे ऑटोट्रान्सफॉर्मर मिळतात ते व्होल्टेज कमी करतात पण लाइनपासून वेगळं करत नाहीत. शॉक तसाच लागतो.

उघडताना

प्लग काढलाय म्हणून सुरक्षित असं समजू नका, फिल्टर कपॅसिटरमध्ये २५०-३०० व्होल्ट बराच वेळ टिकू शकतात. १० के (१० हजार ओहम), ५ वॉटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिपा लावा, एक चेसिसला आणि दुसरी कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला, दहा-पंधरा सेकंद धरा, मग मीटरने मोजा, शून्याजवळ आलं की पुढच्या कपॅसिटरला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून डिस्चार्ज करायची सवय असेल तर ती सोडा. मेन्सची रबराची जुनी वायर वाकवली की तुकडे पडतात, ती कापूनच टाका. काही लाकडी पेट्यांमध्ये ट्यूबच्या वर किंवा मागे राखाडी पुठ्ठ्यासारखा उष्णतेचा पडदा खिळलेला असतो, तो अ‍ॅस्बेस्टॉसचा असू शकतो, खरवडू नका, तोडू नका, पेटी वापरायची असेल तर त्यातल्या जाणकाराला विचारूनच पुढे जा.

एकही वायर तोडायच्या आधी फोटो काढा, भरपूर काढा, आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर लिहून ती कुठे जात होती ते लावा. मी पहिल्या वेळी हे केलं नव्हतं, नंतर सात सारख्या दिसणाऱ्या मळकट वायर हातात घेऊन आख्खी संध्याकाळ गेली. वायर मुळापासून कापू नका, दुसऱ्या टोकाचं सोल्डर सोडवून पूर्ण लांबीची काढा, कारण ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी तुटली तर जोडणं फार अवघड जातं.

काय ठेवायचं आणि काय फेकायचं यावर माझं मत पक्कं आहे. ट्रान्सफॉर्मर, ट्यूब, सॉकेट, टॅगस्ट्रिप, नॉब, जाळीचं कापड, चेसिस ठेवा. व्हॉल्यूमचे पॉट क्लीनर मारून बहुतेक वेळा नव्यासारखे होतात, पण त्याच्या पाठीवरचा मेन्सचा स्विच मात्र वापरू नका, वेगळा नवा बसवा. इलेक्ट्रोलिटिक आणि मेणाचे किंवा कागदी कपॅसिटर सगळे बाद, "मीटरवर बरोबर दाखवतोय" तरी बाद. कागदी कपॅसिटर मीटरच्या ९ व्होल्टला बरोबर वागतो आणि २०० व्होल्टला गळतो, ते गळलेलं डीसी पॉवर ट्यूबच्या (स्पीकर हलवणाऱ्या ट्यूबच्या) ग्रिडवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीवर जातं, ट्यूब गरजेपेक्षा जास्त करंट ओढते, प्लेट लाल होते आणि शेवटी जळतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तोच. जुने कार्बनचे रेझिस्टर वयाप्रमाणे वर सरकतात, मोजा, पण खरं सांगायचं तर नवेच घाला. सेलेनियम रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), म्हणजे चौकोनी पात्यांची चळत, असेल तर तोही काढा, जळला की विषारी धूर येतो.

ट्यूब तपासायला टेस्टर नसला तरी दोन गोष्टी कळतात. काचेच्या आत वर चंदेरी डाग असतो, तो पांढरा पडला असेल तर आत हवा गेली, ट्यूब मेली. आणि हीटरची कंटिन्युइटी, म्हणजे मीटरवर तार अखंड दिसते का, ईएल८४ (पॉवर ट्यूब) आणि ईसीएल८२ दोन्हीत पिन ४ आणि ५, १२एएक्स७ मध्ये ४ आणि ५ शिवाय मध्यबिंदू ९ वर, ६व्ही६ (हीसुद्धा पॉवर ट्यूब) मध्ये २ आणि ७. पिन खालून बघून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. काच पुसताना नंबर पुसला जाऊ देऊ नका, तो नुसत्या बोटानेही जातो.

ट्रान्सफॉर्मरची ओळख परेड

इथे वेळ घाला, घाई करू नका, कारण अँप कसा होणार ते इथेच ठरतं.

मेन्सचा ट्रान्सफॉर्मर आधी ओहमवर मोजा. प्रायमरी (मेन्सची बाजू) दोन आकडी ओहम, हाय व्होल्टेजची वाइंडिंग शेकड्यात आणि बहुतेक वेळा मध्ये एक टॅप, हीटरची वाइंडिंग एक ओहमच्याही खाली. कुठल्याही वाइंडिंगपासून लोखंडाच्या गाभ्याला कंटिन्युइटी दिसली तर तो ट्रान्सफॉर्मर बाद, यात तडजोड नाही. अमेरिकन सामानात रंगांचा कोड बऱ्यापैकी पाळलेला असतो, काळे मेन्स, लाल हाय व्होल्टेज, लाल-पिवळा त्याचा टॅप, हिरवे ६.३ व्होल्ट, पिवळे ५ व्होल्टचा रेक्टिफायर हीटर. प्रायमरी ११७ ची आहे की २३० ची हे प्लेअरच्या पाटीवर बघा, अंदाजाने लावू नका. मग पहिल्यांदा पॉवर देताना ४० किंवा ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा. ट्रान्सफॉर्मर एकटाच लावलाय आणि बल्ब पूर्ण उजळला तर आत शॉर्ट आहे, बल्ब अंधुक राहिला तर पुढे जा.

आता हिशोब. ट्रान्सफॉर्मरवर अँपिअर छापलेले नसतात, पण मूळ ट्यूबच सांगतात तो किती देऊ शकतो. समजा स्टिरिओ पेटी होती, दोन ईसीएल८२ आणि एक ईझेड८० (रेक्टिफायरची ट्यूब). ईसीएल८२ चा हीटर ०.७८ अँपिअर, दोनचे १.५६, ईझेड८० चे ०.६, म्हणजे २.१६ अँपिअर तो वर्षानुवर्षं देत होता. त्या जागी मला हवेत एक ईएल८४ (०.७६), एक १२एएक्स७ (६.३ व्होल्टवर ०.३) आणि तीच ईझेड८०, झाले १.६६. मजेत बसतं. हाय व्होल्टेजचंही तसंच, दोन पेंटोड मिळून ८० मिलिअँपच्या वर घेत होते, ईएल८४ साधारण ५३ घेते आणि १२एएक्स७ दोनेक. म्हणून स्टिरिओ पेटी मिळाली तर मला फार आनंद होतो, वर एक आउटपुट ट्रान्सफॉर्मर शिल्लक राहतो तो वेगळाच.

मोनो पेटीत एक ईसीएल८२ आणि ईझेड८० असेल तर मूळ भार १.३८ अँपिअर. गिटारला एक १२एएक्स७ वाढवावीच लागते, मग १.६८ होतात, हे जास्त आहे. तिथे ईझेड८० काढून सिलिकॉन डायोड १एन४००७ घाला, ०.६ वाचले, भार १.०८ वर आला. पण डायोडमध्ये व्होल्टेजची घट कमी होते, त्यामुळे बी प्लस (ट्यूबना मिळणारं डीसी हाय व्होल्टेज) वर चढतो, म्हणून डायोडनंतर १०० ते २२० ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर घाला आणि मोजून कमीजास्त करा. अशा ट्रान्सफॉर्मरवर ईएल८४ लादू नका, ईसीएल८२ च ठेवा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोजायची पद्धत सोपी आहे. प्लेट आणि बी प्लसला जाणारी बाजू प्रायमरी, तिच्यावर हीटर वाइंडिंगचे ६.३ व्होल्ट एसी द्या आणि स्पीकरच्या बाजूला किती येतं ते मोजा. ०.२५ आलं तर गुणोत्तर साधारण २५, त्याचा वर्ग ६२५, त्याला स्पीकरच्या ओहमने गुणायचं. ८ ओहमचा स्पीकर लावला तर प्रायमरीला ५००० ओहम दिसतात, ४ चा लावला तर २५००. ईएल८४ ला ५.२ के हवेत, ६व्ही६ ला ५ के, ईसीएल८२ ला २०० व्होल्टवर ५.६ के, थोडं इकडे तिकडे चालतं. जुन्या पेट्यांमधले स्पीकर बरेचदा ३ ते ४ ओहमचे असायचे, हे विसरून ८ चा लावला की प्रायमरी एकदम दुप्पट होते. याचा उलटा फायदाही आहे, ५०ईएच५ चा ट्रान्सफॉर्मर मुळात ३ के चा असतो, तो ४ ओहमवर ३ के देत असेल तर ८ ओहमवर ६ के देतो, म्हणजे ईएल८४ च्या कामाचा झाला.

मोठ्या पेट्यांमध्ये एका चॅनेलला दोन पॉवर ट्यूब असतात, तो पुश-पुल ट्रान्सफॉर्मर, त्याला प्रायमरीकडे तीन वायर. तो एका ट्यूबच्या अँपला वापरू नका. एका ट्यूबवाल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात मुद्दाम फट ठेवलेली असते कारण त्यातून सतत डीसी वाहतं, पुश-पुलमध्ये दोन बाजूंचं डीसी एकमेकांना मारतं म्हणून फट नसते. मी एकदा "बघू तरी" म्हणून लावला होता, खालच्या तारांचा आवाज पार गिळला गेला.

गिटारला काय वेगळं लागतं

लोक विचारतात की प्लेअरच्याच अँपला जॅक लावला तर काय बिघडलं. ट्रान्सफॉर्मरवाली पेटी असेल तर बिघडत काही नाही, पण आवाज निघत नाही. सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज अर्धा-एक व्होल्ट देतं, गिटारचा पिकअप त्याच्या कितीतरी खाली, साधारण ०.१ व्होल्टच्या आसपास धरा. ईसीएल८२ मधला ट्रायोड ५० पट वाढवतो, म्हणजे ५ व्होल्ट, आणि पेंटोडला पूर्ण हलवायला १६ व्होल्ट लागतात. म्हणून मध्ये एक पायरी वाढवायची.

मी जे बांधतो ते फेंडर चँप ५एफ१ या जुन्या छोट्या गिटार अँपच्याच घराण्यातलं आहे, त्यात १२एएक्स७, ६व्ही६ आणि ५वाय३ होत्या, इथे पॉवर ट्यूब पेटीतली. इनपुट जॅकवर १ मेगचा (१० लाख ओहमचा) रेझिस्टर ग्राउंडला, तिथून ६८ के ग्रिडला. १२एएक्स७ च्या पहिल्या अर्ध्या भागाला प्लेटवर १०० के, कॅथोडला १.५ के आणि त्यावर २५ मायक्रोफॅरड. मग ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा कपॅसिटर, १ मेगचा लॉग व्हॉल्यूम पॉट, दुसरा अर्धा भाग तसाच फक्त कॅथोडवर कपॅसिटर न घालता, परत ०.०२२, ईएल८४ च्या ग्रिडला ४७० के ग्राउंडकडे आणि ग्रिडच्या अगदी पिनवर ४.७ के सिरीजमध्ये. कॅथोडला १५० ओहम २ वॉट आणि वर ४७ मायक्रोफॅरड, स्क्रीनला (ग्रिड आणि प्लेट यांच्यामधल्या दुसऱ्या जाळीला) १ के. ईसीएल८२ असेल तर दुसरी पायरी तिच्याच ट्रायोडची करा, प्लेटला २२० के आणि कॅथोडला २.२ के, आणि पेंटोडचा कॅथोड रेझिस्टर ३९० ओहम, २ वॉट. उरलेल्या अर्ध्या १२एएक्स७ चा ग्रिड ग्राउंड करून ठेवा.

सप्लायमध्ये रेक्टिफायरनंतर ४७ मायक्रोफॅरड, तिथून आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मग १ के ५ वॉट आणि २२ मायक्रोफॅरड, तिथून स्क्रीन, मग १० के आणि अजून २२, तिथून १२एएक्स७. ईझेड८० ला पहिला कपॅसिटर ५० च्या वर चालत नाही, गुणगुण कमी होईल म्हणून १०० घातला तर रेक्टिफायर खराब होतो. सगळे ४५० व्होल्टचे घ्या, कारण ट्यूब गरम होईपर्यंत भार नसतो आणि २३० व्होल्टच्या वाइंडिंगवर बी प्लस ३२५ पर्यंत चढतो.

मेन्सला तीन पिनांचा प्लग, अर्थ चेसिसला स्वतंत्र बोल्टने घट्ट, फेजमध्ये फ्यूज आणि स्विच. लाइनपासून चेसिसला जाणारा छोटा कपॅसिटर काही जुन्या पेट्यांत असतो, तो शॉर्ट झाला की चेसिस लाइव्ह, काढून टाका आणि परत बसवू नका.

जागा ठरवताना एक जुनी युक्ती खूप उपयोगी पडते. मेन्स ट्रान्सफॉर्मर चेसिसवर बसवा आणि फक्त त्याला पॉवर द्या, सेकंडरीच्या (बाहेर व्होल्टेज देणाऱ्या बाजूच्या) वायरची टोकं नीट झाकून, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकर बाजूला हेडफोन जोडून तो चेसिसवर फिरवत, सरकवत ऐका. एका कोनात गुणगुण जवळजवळ गायब होते. तिथेच भोकं पाडा. हीटरच्या वायर एकमेकींना पीळ देऊन कोपऱ्यातून न्या, हीटर वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहम ग्राउंडला द्या.

पहिल्यांदा चालू करताना

स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूबसकट कधीच चालू करू नका, भाराशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतकं व्होल्टेज उसळतं की इन्सुलेशन फुटतं. बल्ब सिरीजमध्ये, एक हात खिशात, आधी पॉवर ट्यूबशिवाय व्होल्टेज बघा, मग ट्यूब घाला. बल्बमुळे व्होल्टेज कमी दिसणारच, सगळं शांत असेल तर बल्ब काढा आणि कॅथोड रेझिस्टरवर मोजा. १५० ओहमवर ७ व्होल्ट म्हणजे ४७ मिलिअँप, त्यातले पाचेक स्क्रीनचे, उरले ४२. प्लेट ते कॅथोड २४३ व्होल्ट असेल तर साधारण १०.२ वॉट, ईएल८४ ची मर्यादा १२, म्हणजे छान. ईसीएल८२ ची मर्यादा फक्त ७ वॉट आहे, तिथे जास्त जपा, आकडा वर गेला तर कॅथोड रेझिस्टर वाढवा. ग्रिडवर डीसी शून्याजवळच हवं.

शीळ घातल्यासारखा आवाज आला आणि तुम्ही चँपसारखं २२ के मधून स्पीकरपासून दुसऱ्या पायरीच्या कॅथोडला फीडबॅक दिला असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन वायर अदलाबदल करा, पॉवर काढून आणि कपॅसिटर डिस्चार्ज करूनच. मला स्वतःला फीडबॅक न देताच जास्त आवडतो, आवाज लवकर फाटतो आणि बोटाच्या जोराला उत्तर देतो. टक टक वाजत असेल किंवा चेसिसला धक्का लागला की घुमत असेल तर लाकडी काडीने एकेक ट्यूबवर हलकेच टिचकी मारा, पहिली १२एएक्स७ असते बहुतेक वेळा, बदला.

पेटीतला मूळ स्पीकर बाहेर काढायचा मोह होतो पण आधी तोच लावून बघा, कमी आवाजात. अंडाकृती, पातळ कागदाचा, खालच्या ई तारेचे ८२ हर्ट्झ त्याला झेपत नाहीत, पण मधला भाग इतका बोलका असतो की हळू वाजवायला मी तो मुद्दाम ठेवतो, आणि ज्या दिवशी तीन-चार वॉट पूर्ण सोडायचे असतात त्या दिवशी मागच्या जॅकमधून दहा किंवा बारा इंची गिटार स्पीकर लावतो, ओहम परत एकदा तपासून.